मॉरिशस सहल : किनाऱ्यापलीकडे, ज्वालामुखीच्या खुणा पाहण्यासाठी काय करावे?

शहापूर_बेळगाव (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही आठवडाभरासाठी मॉरिशसला जाण्याचे ठरवले आहे. सोबत नववीतला मुलगा आणि सासूबाई असतील. प्रवास कंपनीने पाठवलेल्या कार्यक्रमात रोज एखादा किनारा, बोटीची फेरी आणि सायंकाळी बाजार, एवढेच दिसते. समुद्राची आम्हाला आवड आहे, परंतु गोवा, वेंगुर्ला आणि कारवार आम्हाला बेळगावहून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे, एवढा खर्च करून केवळ वाळूवर बसण्यासाठी जावे असे वाटत नाही. हे बेट ज्वालामुखीतून तयार झाले आहे असे मुलाच्या वाचनात आले आहे आणि तेव्हापासून तो त्याच विषयावर बोलत असतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना फार चढ-उतार जमणार नाही, मात्र तिथली देवस्थाने आणि मराठी वस्ती पाहण्याची त्यांची इच्छा आहे. दोघांनाही समाधान वाटेल अशा कोणत्या गोष्टी कार्यक्रमात घालाव्यात, हे जाणकारांनी सांगावे.

निपाणीचा_भूगोल

ताई, आपल्या मुलाची ओढ अगदी योग्य दिशेने आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील काळी माती ज्या बेसाल्ट खडकापासून झाली, तो खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांनी बनला. पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानावरून हा लाव्हा वर आला असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, ते स्थान साधारण जागच्या जागी राहिले आणि त्यावरून भारताचे भूखंड उत्तरेकडे सरकत गेले. मागे लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस या बेटांची रांग उरली. पुढे त्याच स्थानावर मॉरिशस घडले आणि आज ते शेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगत आहे. आपल्याकडील खडकाच्या मानाने मॉरिशस अगदी तरुण आहे. तेथील सर्वांत जुने खडक साधारण ८० लाख ते १ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्या शेताखालचा दगड आणि तेथील डोंगर यांचे मूळ एक आहे, हे मुलाला निघण्यापूर्वीच नकाशावर बोट ठेवून दाखवा. मग तेथे दिसणारी प्रत्येक गोष्ट त्याला ओळखीची वाटेल.

क्यूरपीप गावातील त्रू-ओ-सेर्फ हे ज्वालामुखीचे विवर सर्वप्रथम पाहा. सुमारे ३०० मीटर व्यासाचा हा खोल खळगा आता झाडांनी भरलेला असून तळाशी पाणी आहे. काठावरून रस्ता गोलाकार फिरतो आणि मोटार अगदी वर जाते, त्यामुळे सासूबाईंना एक पायरीही चढावी लागणार नाही. क्यूरपीप पठारावर आहे आणि किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना तेथे पाऊस किंवा धुके असू शकते, म्हणून सकाळी लवकर जावे.

दुसरे ठिकाण शामारेल. तेथील सप्तरंगी माती म्हणजे झिजलेला बेसाल्टच आहे. उष्ण आणि दमट हवेत पावसाच्या पाण्याने खडकातील विरघळणारी खनिजे वाहून नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. त्यांच्या कमी-अधिक प्रमाणामुळे तांबडा, तपकिरी, जांभळा, पिवळसर असे पट्टे दिसतात. बेळगाव-खानापूर भागात घरांच्या भिंतींना वापरला जाणारा जांभा दगड याच प्रक्रियेतून तयार झाला आहे. ही जागा फार मोठी नाही, फार तर अर्ध्या तासात पाहून होते, आणि कुंपणाबाहेर लाकडी मार्गावरूनच पाहावी लागते. ज्यांना कोणी समजावून सांगत नाही ते येथून निराश होऊन परततात, परंतु जांभा पाहत वाढलेल्या मुलाला तेथे खूप काही दिसेल. त्याच आवारात सुमारे १०० मीटर उंचीचा धबधबा आहे. गोकाकचा धबधबा ५२ मीटरांचा आणि तोही वालुकाश्मावरून पडणारा, हा फरकही त्याला सांगावा.

दक्षिणेकडील सुइयाक गावाजवळ रोचेस्टर धबधब्यात बेसाल्टचे उभे, कोनदार खांब स्पष्ट दिसतात. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात, त्यातून हे खांब बनतात. तेथून जवळच ग्री-ग्री हा कडा आहे. मॉरिशसला जवळजवळ सर्व बाजूंनी प्रवाळाचा बांध आहे, म्हणून इतरत्र पाणी संथ असते, परंतु येथे तो बांध तुटलेला असल्याने लाटा थेट काळ्या कातळावर आदळतात. येथे पोहणे धोक्याचे आहे, वरून पाहावे.

जांबोटीचा_वाटाड्या

वरील माहितीत भर म्हणून चालण्याच्या वाटांविषयी लिहितो. मुलगा आणि त्याचे वडील एक सकाळ मोकळी ठेवू शकत असतील तर नैर्ऋत्य टोकावरील ल मॉर्न हा ५५६ मीटर उंचीचा डोंगर चढावा. सुरुवातीची वाट रुंद आणि सोपी आहे. वरचा टप्पा मात्र खडा आहे आणि तेथे हातांचा आधार घेत चढावे लागते, त्यामुळे पाऊस झाला असेल तर अर्ध्यावरूनच परत फिरणे शहाणपणाचे ठरेल. अर्ध्या उंचीवरूनही खालच्या पाण्याचे निळे-हिरवे पट्टे आणि पांढऱ्या लाटांची प्रवाळरेषा दिसते. गुलामगिरीच्या काळात पळून आलेले गुलाम या डोंगराच्या कपारींत आश्रय घेत असत, म्हणून २००८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मुलाला हा इतिहास माहीत असेल तर तो ही वाट केवळ व्यायाम म्हणून चढणार नाही.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यानही सोडू नये. बेटावरील सर्वांत उंच शिखर, ८२८ मीटरांचे, तेथेच आहे आणि दरीचे दृश्य दाखवणारे सज्जे रस्त्याला लागूनच असल्याने आजींनाही ते पाहता येईल. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलात वाढलेल्या माणसाला तेथील झाडी विरळ वाटेल, कारण मूळचे अरण्य उसासाठी आणि लाकडासाठी पूर्वीच तोडले गेले. तेथील केस्ट्रेल हा लहान ससाणा १९७४ साली केवळ ४ इतकाच उरला होता आणि अंडी उबवून, पिल्ले वाढवून त्याला परत रानात सोडण्यात आले. दुर्बीण अवश्य न्यावी.

वडगाव_वाचक

सूनबाई, आपल्या सासूबाईंसाठी दोन ठिकाणे सुचवतो.

पहिले गंगा तलाव. हे सरोवरही विवरातच साठलेले आहे, म्हणजे आजी आणि नातू दोघांचे काम एकाच ठिकाणी होईल. काठावर मंदिरे आहेत, प्रवेशाशी १०८ फुटी शिवमूर्ती उभी आहे आणि महाशिवरात्रीला बेटभरातून लोक कावड घेऊन पायी येतात. वाहन तलावाच्या जवळपर्यंत जाते.

दुसरे, राजधानी पोर्ट लुईमधील आप्रवासी घाट. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख भारतीय मजूर करारावर येथे उतरले. त्यांतील मराठी माणसे प्रामुख्याने कोकण आणि लगतच्या भागातून, मुंबई बंदरातून आली. ज्या दगडी पायऱ्यांवरून ती बेटावर चढली त्या आजही तेथे आहेत आणि त्या वास्तूच्या भिंती त्याच काळ्या बेसाल्टच्या आहेत. शहराबाहेर पडल्यावर उसाच्या शेतांमध्ये दगडांचे उंच ढीग दिसतील. लागवडीसाठी जमीन मोकळी करताना मजुरांनी एकेक दगड हाताने उचलून ते रचले. चिकोडी-रायबाग भागातील ऊस पाहिलेल्या माणसाने ते ढीग पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, त्या श्रमांची कल्पना तेथेच येते.

तेथील मराठी मंडळी गणेशचतुर्थी मनोभावे साजरी करतात आणि त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते. शाळांतून मराठी शिकवली जाते. घरातील दैनंदिन भाषा मात्र बहुतेकांची क्रिओल, म्हणजे फ्रेंचपासून बनलेली स्थानिक बोली, झाली आहे, त्यामुळे प्रत्येकाने आपल्याशी मराठीत बोलावे अशी अपेक्षा ठेवू नये. नमस्कार करून आपण बेळगावहून आलो आहोत एवढे सांगितले तरी संवाद सुरू होईल. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारावर आलेल्या मजुरांची नोंदपत्रे जतन केलेली आहेत. आपल्या नात्यात कोणी पूर्वी तिकडे गेल्याची कथा असेल तर आधी पत्रव्यवहार करून चौकशी करता येईल.

शहापूर_बेळगाव

सर्वांचे मनापासून आभार. जांभ्याचा आणि शामारेलच्या मातीचा संबंध वाचून मुलगा लगेच अंगणातील भिंत निरखायला गेला. आणखी दोन शंका आहेत. पुढे रियुनियनला जाऊन प्रत्यक्ष जागृत ज्वालामुखी पाहणे शक्य आहे काय? आणि ऑक्टोबरमध्ये हवामान कसे असते?

निपाणीचा_भूगोल

ऑक्टोबर हा चांगला महिना आहे, कारण तेथे त्या वेळी कोरडा काळ असतो आणि उष्मा फार वाढलेला नसतो. चक्रीवादळांचा धोका प्रामुख्याने जानेवारी ते मार्च या महिन्यांत असतो.

रियुनियन हा फ्रान्सचा प्रदेश आहे. भारतीय पारपत्रावर मॉरिशसमध्ये पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही, मात्र रियुनियनचे नियम वेगळे आहेत आणि ते आधी दूतावासाकडून तपासून घ्यावे लागतील. तेथील पितों द ला फूर्नेज हा २,६३२ मीटरांचा ज्वालामुखी जगातील सर्वाधिक सक्रिय ज्वालामुखींपैकी एक आहे, परंतु उद्रेक सुरू असताना विवराकडील वाटा बंद केल्या जातात आणि एरवी लांब चालावे लागते. आठवडाभराच्या सहलीत, सासूबाईंना सोबत घेऊन, ही धावपळ करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मुलगा मोठा झाल्यावर ते बेट स्वतंत्रपणे पाहावे.

जांबोटीचा_वाटाड्या

व्यवहाराच्या काही गोष्टी राहिल्या होत्या. मॉरिशसमध्ये वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, तरीही घाटवळणे आणि आजींची सोय पाहता चालकासह मोटार घेणे बरे. दक्षिण आणि नैर्ऋत्य भाग दोन स्वतंत्र दिवसांत पाहावा. प्रवास कंपनीला खरेदीचा दिवस वगळून तो दिवस शामारेल आणि गंगा तलावासाठी द्यायला सांगावे, एका मार्गावर दोन्ही होतात. उथळ पाण्यात उतरताना रबरी बूट घालावेत, कारण प्रवाळाने पाय कापतो आणि सागरी अर्चिनचे काटे तळपायात रुततात. शाकाहारी असाल तरी जेवणाची अडचण नाही. डाळ भरलेली पातळ ढोल पुरी रसभाजी आणि चटणीबरोबर रस्त्यावरही मिळते, पोर्ट लुईच्या बाजारात सकाळच्या वेळी ती गरम मिळेल.