दाढीवाला आयरिस: श्रीनगरात लावायचाय, सोलापुरात फुलेल का?

जुळे_सोलापूर_गच्ची
भावाची बदली श्रीनगरला झालीय. क्वार्टरपुढे १० बाय ४ फुटांचा वाफा आहे. त्याला दाढीवाल्या आयरिसचे (फुलाच्या खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखी लव असते तो) ६ कंद मिळतायत: 'बॅटिक' २, 'बिफोर द स्टॉर्म' २, 'इमॉर्टॅलिटी' १ आणि नाव माहीत नसलेला एक ॲरिलब्रेड (ॲरिल आयरिस आणि दाढीवाला आयरिस यांचा संकर). तिथे ते कधी आणि किती खोल लावायचे? आणि यातले दोन सोलापूरला आणून गच्चीवर कुंडीत लावले तर? माती काळी, पाणी बोअरचं. फ्रीजमध्ये दोन महिने ठेवून लावा असं एका व्हिडिओत सांगितलंय.

कंदवेडा
आधी सोलापूरचं बोलू. आणू नका. ऊन फार म्हणून नव्हे, ऊन तर या झाडाला लागतंच, दिवसाला ६ तास तरी. अडचण थंडीची. फूल धरायला याला कित्येक आठवडे सलग कडक गारठा लागतो, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतही रात्रीचा पारा १५ च्या आसपास रेंगाळतो. एखादी लाट येते, चार दिवसांत जाते. तेवढ्यावर भागत नाही. पानांचा पंखा छान येतो, त्यामुळे माणूस आशेवर राहतो आणि तीन-तीन वर्षं वाट बघतो.

फ्रीजचा उपाय ट्युलिपचा. ट्युलिपच्या कांद्यात पुढच्या हंगामाचं फूल आधीच तयार होऊन बसलेलं असतं, थंडीने ते फक्त वर येतं. आयरिसच्या कंदात असं आयतं काही नसतं. त्याचा वाढता पंखा थंडीतून गेला की मग टोकाशी फुलाचा कोंब धरतो. कोरडा कंद भाजीच्या कप्प्यात ठेवला तर बहुतेक वेळा तो नुसता सुकतो.

दुसरा घात सप्टेंबरचा. आपला जोराचा पाऊस तेव्हाच, आणि काळी माती पाणी धरून ठेवते. मऊ कूज लागते. ओळखायची खूण: बुडाशी पानं पिवळी, पंखा हलकेच ओढला की हातात येतो आणि घाण वास सुटतो. कंद दाबला तर आत लगदा.

सफरचंदाच्या_मुलखातून
श्रीनगरचं मी सांगते. ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लावून टाका. जमीन गोठण्याआधी मुळांना ६ ते ८ आठवडे मिळाले पाहिजेत. २१ डिसेंबरला चिल्ला-इ-कलां, म्हणजे काश्मीरच्या सर्वांत कडक थंडीचा काळ, सुरू होतो, ४० दिवसांचा. त्याआधी कंदाने जमीन घट्ट धरलेली हवी.

आपल्याकडच्या लोकांची एक चूक ठरलेली. कंद दिसतो आल्याच्या गड्ड्यासारखा, म्हणून आल्यासारखाच चार बोटं खोल पुरतात. मग तो कुजतो, किंवा नुसती पानं देतो. याची पाठ उघडी राहिली पाहिजे. खड्डा करा, मधोमध मातीचा उंचवटा करा, त्याच्या शेंड्यावर कंद घोड्यावर बसवल्यासारखा ठेवा. मुळं दोन्ही बाजूंना पसरून खाली सोडा, माती घट्ट दाबा, कंदाची वरची कड दिसू द्या. पानं १५ सेंटिमीटरवर छाटा. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, नंतर वरची माती सुकल्यावरच.

उंच जातींत (बिफोर द स्टॉर्म, इमॉर्टॅलिटी) ४० सेंटिमीटर अंतर ठेवा. बॅटिक त्यांच्याहून बुटका, त्याला ३० चालेल. १० बाय ४ च्या वाफ्यात सहा कंद आरामात मावतात, पुढे पिल्लं धरतील त्यांनाही जागा उरते. तळाच्या मातीत हाडांचा चुरा मूठभर. ताजं शेण आणि युरिया अजिबात नको, नत्राने पानं माजतात आणि कूज येते.

जुळे_सोलापूर_गच्ची
हिवाळ्यात वर पालापाचोळा घालायला सांगू का? बर्फ पडतो म्हणून भाऊ घाबरलाय.

सफरचंदाच्या_मुलखातून
नको! पाला भिजून कंदावर चिकटतो. बर्फ तर उलट पांघरूणच. खरा त्रास रात्री गोठणं आणि दुपारी वितळणं याचा: माती फुगते, बसते, फुगते, आणि पहिल्या वर्षाचा कंद वर उचलला जाऊन मुळं उघडी पडतात. प्रत्येक कंदाच्या पाठीवर अर्धी वीट ठेवायला सांगा, पंख्याला न लागेल अशी. जमीन गोठल्यावर चिनारच्या पानांऐवजी पाइनच्या सुया पसरल्या तरी चालतं. मार्चमध्ये दोन्ही काढायचं.

आणि भावाला एक बजावून ठेवा. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, फुलतात ती त्याची बाजूची पिल्लं. एप्रिल-मेमध्ये फूल येऊन गेलं आणि पुढच्या वर्षी तोच पंखा मुका राहिला, तर काही बिघडलेलं नसतं. दर तीन-चार वर्षांनी उपटून वेगळे करायचे आणि मधले जुने, बिनपानांचे तुकडे फेकायचे.

कंदवेडा
जातींबद्दल थोडं. बॅटिकवर जांभळ्यात पांढरे फराटे असतात आणि दोन फुलांवरचे फराटे कधी सारखे नसतात, तेव्हा 'चुकीचं रोप दिलं' म्हणू नका. बिफोर द स्टॉर्म जवळजवळ काळा, सावलीत कळतच नाही, म्हणून त्याच्यामागे पांढरा इमॉर्टॅलिटी लावा. इमॉर्टॅलिटी शरद ऋतूत दुसऱ्यांदा फुलू शकतो. मात्र त्यासाठी उन्हाळ्यात त्याला पाणी तोडू नका, आणि लवकर दंव गोठलं तर तो दांडा गेलाच समजा.

ॲरिलब्रेड मात्र वेगळा ठेवा. त्याच्या काही पूर्वजांचं मूळ पश्चिम आशियाच्या कोरड्या डोंगरांत. फुलल्यानंतर त्याला कोरडा उन्हाळा लागतो, म्हणजे इमॉर्टॅलिटीच्या बरोबर उलट. वाफ्याच्या उंच टोकाला, बारीक खडी मिसळून लावा. थंडी आहे म्हणून शिमल्यात लावला तर जुलैचा पाऊस त्याला संपवेल. श्रीनगरात निभेल, लेहमध्ये त्याहून बरा, तिथे वर्षाला पाऊसच १०० मिलिमीटरच्या आसपास.

कूज लागलीच तर चमच्याने लगदा पांढऱ्या घट्ट गाभ्यापर्यंत खरवडा, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात घालून धुवा, दोन दिवस उन्हात वाळू द्या आणि मग नव्या जागी लावा.

मुरूमवाला
गच्ची रिकामी ठेवू नका. बेलमकांडा लावा. २००५ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ त्यालाही आयरिसमध्येच धरतात, आयरिस डोमेस्टिका. दाढी नाही, पण थंडी मागत नाही. १२ इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत, खाली खापऱ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली. केशरी पाकळ्यांवर लाल ठिपके, फूल एकाच दिवसाचं. संध्याकाळी पाकळ्या ओला फडका पिळावा तशा पीळ घालून मिटतात. नंतर बोंड उकलतं आणि आत काळे चकचकीत दाणे दिसतात. त्यातले थोडे पेरा, बाकीचे दांड्यावरच राहू द्या.