उत्तर: पॅसिफिक बेटांवरच्या धर्मशिक्षण महाविद्यालयांतले मिशनरी

‘अशा महाविद्यालयांतला मिशनरी म्हणजे व्हरांड्यात बसून बायबल शिकवणारा युरोपीय पाद्री’ हे या चर्चेत कोणीतरी केलेले विधान मला अर्धेच पटते. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर, मालुआ येथे, लंडन मिशनरी सोसायटी या ब्रिटिश मिशनच्या जॉर्ज टर्नर आणि चार्ल्स हार्डी यांनी १८४४ साली संस्था काढली तेव्हा शिकवणारे युरोपीय होते खरे. पण विद्यार्थी बायकामुलांसह राहायला येत, आणि प्रत्येक कुटुंबाला मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यावर सुरण, अळकुड्या, केळी पिकवून आपले पोट आपणच भरत. वर्गाइतकाच वेळ कुदळीत जाई म्हणा ना!

दुसरे म्हणजे, तेथून बाहेर पडलेले बेटवासी स्वतःच मिशनरी होत, आणि चर्चेत हीच बाजू राहून गेली आहे. कुक बेटांपैकी मनिहिकी बेटावरचा एलेकाना १८६१ साली वादळात भरकटत, कित्येक आठवडे होडीत काढून, पॅसिफिकमधल्याच तुवालू द्वीपसमूहातील नुकुलाएलाए बेटाला लागला. लोकांनी वाचायला मागितले, तेव्हा स्वतःजवळच्या एकुलत्या एका ‘नव्या करारा’ची (बायबलच्या दुसऱ्या भागाची) पाने सुटी करून त्याने वाटून टाकली. पुढे मालुआत शिकून १८६५ साली तो शिक्षक म्हणून तुवालूत परतला. पण दरम्यान, १८६३ मध्ये, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशासाठी मजूर पळवणाऱ्या जहाजांनी नुकुलाएलाएची बहुतेक माणसे नेली होती. नंतरचे शिक्षक मुख्यतः सामोअन असल्याने तुवालूच्या चर्चमध्ये शंभरएक वर्षे बायबल वाचले गेले ते सामोअन भाषेत, तुवालूच्या नव्हे.