अनुभव धागा: प्राण्यांच्या साहसकादंबऱ्या, लहानपणी वाचलेल्या आणि मोठेपणी परत वाचलेल्या

नमस्कार मंडळी. सध्या रोज रात्री लेकीला रिचर्ड ॲडम्सची 'वॉटरशिप डाउन' वाचून दाखवतेय. ती अकरा वर्षांची आहे, त्यामुळे वाचायचं इंग्रजीतून आणि अडलं की तिथल्या तिथे मराठीत सांगायचं असं चाललंय. आणि होतं काय, की ती झोपून जाते आणि मीच पुढचं प्रकरण वाचत बसते. मी हे पुस्तक नववीत असताना वाचलं होतं, तेव्हा माझ्या लेखी ती सशांची पळापळ होती, पुढे काय होणार एवढंच डोक्यात असायचं. आता पळून निघालेले ससे वाटेत काउस्लिप नावाच्या सशाच्या वसाहतीत थांबतात तो भाग आला आणि अक्षरशः काटा आला अंगावर. तिथले ससे गुबगुबीत, शेतकरी रोज गाजरं टाकतो, कोल्ह्यांचा बंदोबस्तही तोच करतो, ससे निवांत कविता करतात, फक्त एक पाळायचं, अमुक ससा कुठे गेला असं कुणी कुणाला विचारायचं नाही. कारण मधूनमधून एकेक जण फासात अडकतो आणि हे सगळ्यांना माहीत असतं. मग पळून आलेल्यांतल्या बिगविगच्या गळ्याला तार आवळते, तोंडाला रक्ताचा फेस, आणि त्याचे सोबती जमिनीत ठोकलेली खुंटी उकरून दातांनी कुरतडताहेत. लेक म्हणाली, "आई, ते बाकीचे तिथून निघून का जात नाहीत?" मी बराच वेळ काही बोलले नाही, कारण पोटापाण्यासाठी गप्प बसलेली माणसं मी पाहिलीयत.

ॲडम्स सरकारी नोकरीत होते, गाडीतून जाताना मुलींना सांगितलेली गोष्ट, ती लिहून काढा म्हणून मुलींनीच मागे लागून लिहून घेतली. बऱ्याच प्रकाशकांनी नाकारली, म्हणणं काय तर लहान मुलांना भाषा झेपणार नाही आणि मोठ्या मुलांना ससे नकोत. १९७२मध्ये एका छोट्या प्रकाशकाने छापली आणि तेव्हापासून दोन्ही वयाची माणसं वाचतायत. मला वाटतं मुलांसाठी म्हणून भाषा आणि मरण पातळ केलं नाही म्हणूनच ती टिकली. तुमचं काय? कुठलं पुस्तक, कुठल्या वयात, परत वाचलं तेव्हा काय हाती लागलं ते सविस्तर लिहा. शेवट सांगितलात तरी हरकत नाही.

*

शेवट सांगायची परवानगी आहे म्हणून लिहितो. माझं पुस्तक 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्जची 'द यर्लिंग', १९३८ची, तिला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, आणि आपल्याकडे राम पटवर्धनांनी ती मराठीत अशी आणली की फ्लोरिडातलं ते रान मला आमच्या सड्यावरच्या झुडपांसारखं ओळखीचं वाटायचं. कॉलेजात असताना वाचली तेव्हा मी पूर्ण त्या पोराच्या बाजूचा होतो. बापाला साप चावतो, विष ओढून घ्यायला हरिणीचं काळीज लागतं म्हणून तो तिला मारतो, तिचं पोरकं पिल्लू मुलगा घरी आणतो. मग ते वाढतं आणि मक्याचे कोवळे कोंब खाऊन टाकतं, परत पेरलं परत खातं, कुंपण उंच केलं तरी उडी मारून आत. शेवटी आई गोळी घालते, ती नीट लागत नाही, आणि मुलाला स्वतःच्या हाताने ते संपवावं लागतं. तेव्हा मला त्या आईचा संताप संताप आला होता.

आता मी सत्तरी ओलांडलीय, रत्नागिरीकडे आंब्याची थोडी झाडं, नारळ, पावसाळ्यात भुईमूग. वानरं येतात. मोहोर ओरबाडतात, शहाळी फोडून टाकतात, भुईमुगाचा वेल उपटून नुसतं बघून फेकून देतात. डबे वाजवून, फटाके लावून झालं. गेल्या पावसाळ्यात 'पाडस' परत काढलं आणि या खेपेस मला ती आईच दिसत राहिली, थंडीत घरात मका किती उरेल याचा हिशोब मनात करणारी बाई. तिच्यावर मी उगाच चिडलो होतो असं नाही म्हणणार, त्या वयात तेच बरोबर होतं. पण पुस्तक दोघांनाही जागा देतं. बाप तर दोन्हीच्या मध्ये उभा आहे, आणि अंथरुणाला खिळलेला. शेवटची पानं मी आजही मोठ्याने वाचू शकत नाही, घरात कुणाला वाचून दाखवायची असतील तर तेवढी मुलाकडे देतो.

*

मी भंडारा जिल्ह्यातला. किपलिंगचं 'जंगल बुक' कादंबरी नाही म्हणा, गोष्टी आहेत, पण मोगलीच्या सगळ्या एकत्र वाचल्या की कादंबरीच होते. आमच्या पिढीला तो दूरदर्शनवर भेटला, रविवारी सकाळी. पुस्तक मी फार उशिरा वाचलं, आणि त्यात वैनगंगा निघाली! आमची वैनगंगा, जिच्यात आम्ही पोहायला शिकलो, ती सिवनीकडूनच खाली येते. माणूस जन्मला मुंबईत, पुस्तक लिहिलं अमेरिकेत व्हरमाँटला बसून, आणि नदी आमची.

१८९५च्या दुसऱ्या भागातली रानकुत्र्यांची गोष्ट वाचाच. दख्खनकडून तांबड्या कुत्र्यांची टोळी चालून येते, लांडगे पुरे पडणार नाहीत हे उघड आहे, मग मोगली त्यांना चिडवून मागे लावून घेतो आणि नदीकाठच्या कड्यावरून उडी टाकतो, त्या कड्याच्या कपारींत मधमाश्यांची मोहोळं. ज्याने आग्यामोहोळ उठलेलं पाहिलंय ना त्याला विचारा ती पानं कशी वाटतात. आमच्याकडे एकदा तेंदूपत्त्याच्या सीझनला मोहोळ उठलं होतं, आवाज आधी येतो, मग काळोखी सरकल्यासारखी दिसते, आणि माणसं जे हातात असेल ते टाकून पाण्याकडे धावतात. एक मात्र सांगायला हवं, रानकुत्री म्हणजे राक्षस नव्हेत, आज ती जगातच फार थोडी उरलीयत, आणि पेंच-ताडोबाकडे ती दिसली की मला दिवसभर आनंद होतो. गोष्टीतला खलनायक आणि रानातलं जनावर या दोन वेगळ्या गोष्टी, हे मुलांना वाचून दाखवताना सांगितलं पाहिजे.

*

माझं छोटंसंच. जॅक लंडनची 'कॉल ऑफ द वाइल्ड', आधी शाळेत संक्षिप्त आवृत्ती आणि मग नोकरीला लागल्यावर मूळ पुस्तक. संक्षिप्तमध्ये बक नावाचा कुत्रा चोरीला जातो, बर्फात गाडी ओढतो, शूर होतो, संपलं. मुळात लाल स्वेटरवाला माणूस त्याला दंडुक्याने पुन्हा पुन्हा बडवतो ते सगळं आहे आणि बक त्यातून काय शिकतो तेही. दंडुका ज्याच्या हातात त्याचं ऐकायचं, पण लाळघोटेपणा करायचा नाही. ही जी पानं कापतात ना मुलांना त्रास होईल म्हणून, नेमकी तीच मला बाहेरच्या जगात कामी आली असती. कृपया मुलांना पूर्ण पुस्तकं द्या, वर्षभर थांबावं लागलं तरी थांबा पण पूर्ण द्या.

*

सैन्यातून निवृत्त झालो, गाव साताऱ्याकडे. धनगोपाल मुखर्जींचं चित्रग्रीव नावाच्या कबुतराचं पुस्तक मला भाचीच्या शाळेच्या दप्तरात सापडलं. हे गृहस्थ मूळचे बंगालचे, अमेरिकेत स्थायिक झाले, तिथे मुलांच्या पुस्तकाला न्यूबेरी पदक देतात ते १९२८मध्ये याला मिळालं. अर्धं पुस्तक कलकत्त्यातलं आणि हिमालयातलं, कबुतर उडायला कसं शिकतं, ससाण्याला कसं चुकवतं. मग पहिलं महायुद्ध येतं आणि त्याला निरोप्या म्हणून फ्रान्सच्या आघाडीवर पाठवतात, सोबत घोंड नावाचा म्हातारा शिकारी. दोघंही जिवंत परत येतात, पण कबुतर उडायला तयार नाही, आणि शिकारीही भीतीतून बाहेर येत नाही. मग त्यांना डोंगरातल्या लामांकडे नेतात, तिथे हळूहळू दोघांची भीती उतरते.

मला हे वाचताना काय झालं ते इथे पूर्ण लिहिणार नाही. एवढंच लिहितो की आम्ही परत आल्यावर या विषयावर बोलायची पद्धत नव्हती. घरचे म्हणायचे, आला ना सुखरूप, झालं मग. आणि इथे मुलांच्या पुस्तकात सरळ लिहिलंय की शूर जनावरही घाबरतं, घाबरणं हा आजार असल्यासारखा घ्यावा, त्याला वेळ द्यावा. भाचीने विचारलं, मामा तुम्ही पण घाबरला होतात का? हो म्हणालो. घरात हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच. धागा काढणाऱ्या ताईंसाठी, ॲडम्ससुद्धा दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीधारी सैन्यासोबतच्या तुकडीत होते, आणि त्यांच्या सशांचे पुढारी तिथल्या अधिकाऱ्यांवरून घेतलेत असं त्यांनीच सांगितलंय. त्या सशांचा म्होरक्या हेझल कधी ओरडत नाही, प्रत्येकाकडून त्याला जमेल ते काम काढून घेतो आणि सगळ्यात मागे राहिलेल्याकडे आधी बघतो. असा अधिकारी मिळाला तर माणूस कुठेही जातो.

*

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, पुण्यात बँकेत काम करते. ब्रायन जॅक्सची 'रेडवॉल' मालिका मी ऐकून काढली. १९८६चं पहिलं पुस्तक, मठात राहणारे उंदीर आणि त्यांच्यावर चालून आलेली घुशींची फौज, तलवार, वेढा, भुयारं सगळं. ऐकताना मला सारखं वाटायचं की हा लेखक माझ्यासाठीच लिहितोय, कारण दिसण्याचं वर्णन येतं तसंच वासाचं, चवीचं, दगडाच्या गारव्याचं, आवाजाच्या पोताचं येतं. मेजवानी असली की पान पान पदार्थ, कुठल्या पावाची कड कशी मोडते इथपर्यंत. नंतर कळलं की जॅक्स लिव्हरपूलमध्ये दूध पोचवायचे, वेव्हरट्रीच्या अंध मुलांच्या शाळेत त्यांचा रतीब होता, आणि ही गोष्ट त्यांनी त्या मुलांना वाचून दाखवायला लिहिली होती. मला हे कळलं तेव्हा मी रडले, आनंदाने. माझ्या डोळस मित्रमैत्रिणींनाही त्या मेजवान्याच आठवतात, म्हणजे आमच्यासाठी लिहिलेलं सगळ्यांना पुरलं.

*

मी सध्या इंग्लंडात, बेझिंगस्टोकजवळ. वॉटरशिप डाउन ही खरी टेकडी आहे हँपशरमध्ये, किंग्जक्लिअर गावाच्या वर, नटहँगर फार्मसुद्धा खरं आहे. वर गेलात तर खडूची जमीन, आखूड गवत, एका बाजूला बीचची झाडं, आणि बाजूलाच शर्यतीच्या घोड्यांना पळवायची पट्टी. पुस्तक हातात घेऊन नकाशा लावत चालता येतं. पण ज्या सँडलफर्डमधून ससे पळून निघतात, जिथे घरं बांधणार अशी पाटी लागते, त्या भागात आता खरोखरच हजारेक घरांच्या वसाहतीला मंजुरी मिळालीय, २०२२मध्ये. आसपासच्या लोकांनी बरीच वर्षं विरोध केला. मी त्या शेताच्या कडेने चालत गेलो होतो, ससे होते तिथे, संध्याकाळी कुंपणाखालून बाहेर येतात.

*

प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर. ॲडम्सनी सशांची माहिती रोनाल्ड लॉकली यांच्या १९६४च्या अभ्यासग्रंथातून घेतली आणि लॉकलींचं नाव कादंबरीतच येतं. बिळं खणायचं काम मुख्यतः माद्या करतात हे पुस्तकात स्पष्ट आहे, त्यामुळे नुसते नर पळून आल्यावर नवीन वसाहत कशी टिकणार हा सगळा पुढचा पेच तिथूनच उभा राहतो. माद्यांना मात्र कादंबरीत फारसं बोलू दिलेलं नाही, हायझेंथली सोडली तर, ते मला खटकतं आणि खटकत राहील. तरी पण ससे ससेच राहतात. चारच्या पुढे मोजता येत नाही, लाकडाचा तुकडा पाण्यावर तरंगतो आणि त्यावर बसता येतं हे कळायला त्यांच्यातला सगळ्यात हुशार ससा लागतो आणि बाकीच्यांना ते तरीही पटत नाही.

*

माझ्या शाळेच्या छपरावर वानरांची टोळी रोज येते, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर', जिला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ती सातवीला मधल्या सुट्टीनंतर दोन-दोन पानं वाचून दाखवली. यात वानरं माणसांसारखी गप्पा मारत नाहीत, माडगूळकर फक्त बघतात आणि सांगतात, आणि तरी मुलं श्वास रोखून ऐकत होती. टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीच्याची दूधपिती पिल्लं मारतो, हे धारवाडजवळ जपानी संशोधक सुगियामा यांनी १९६०च्या दशकात नोंदवलेलं, ते मी सांगायला लागलो तर मागच्या बाकावरचा एक जण उठला, एरवी वाचायला सांगितलं की खाली बघणारा. तो म्हणाला, "सर, आमच्या गोठ्यामागं गेल्या साली असंच झालं, नवा हुप्प्या आला तवा. ती वानरी मेलेलं पिल्लू घिऊन लई दिस फिरत हुती." वर्गात कुणी हसलं नाही. मग त्यानेच पुढची पानं वाचली, अडखळत पण शेवटपर्यंत. आता वाचनालयातली आमची एकुलती प्रत त्याच्या घरी आहे आणि म्हणे त्याची आजी त्याच्याकडून ऐकते.

*

आमच्याकडे मांजरांचा मोसम चालू आहे, मुलगी एरिन हंटरच्या 'वॉरियर्स'मध्ये बुडालीय (ते एकटं नाव नाही, लेखिकांचा गट आहे), आणि मी नीलांजना रॉय यांची 'द वाइल्डिंग्ज' वाचतेय, दिल्लीच्या निजामुद्दीनमधली भटकी मांजरं, मिशांमधून एकमेकांशी संपर्क ठेवणारी. रात्री एकमेकींना सांगतो कुठवर आलो ते. एक विचारायचं होतं, आठ वर्षांच्या पुतण्याला काय द्यावं? वाचनाची गोडी नाही फारशी.

*

आठ वर्षांच्या मुलाला द्यायचं नाही, वाचून दाखवायचं. मी असते तर चित्रग्रीवपासून सुरुवात केली असती, प्रकरणं लहान आहेत आणि उड्डाणं मुलांना आवडतात, फक्त युद्धाच्या भागात शेजारी बसून वाचा, घाई करू नका. मोगलीच्या गोष्टी सुट्या सुट्या कधीही चालतील. 'पाडस' मात्र तेरा-चौदाच्या आधी नको. आणि सशांपर्यंत पोचलात की बिगविग अरुंद बिळात एकटा शत्रू सशांच्या सरदाराला, वाउंडवर्टला, अडवून धरतो ते प्रकरण सुट्टीच्या दिवशी दुपारी घ्या, मधे थांबवता येत नाही, आमच्याकडे ते रात्री सुरू केलं आणि सगळं संपेपर्यंत लेकीने दिवा मालवू दिला नाही.