प्रमोशनला रिसर्च पेपर मोजतात, मग शिकवणं काहून नाही?

टेबल नंबर तीन
मी नागपुरातल्याच एका कॉलेजात अॅनाटॉमी (शरीररचना) शिकवतो. मागच्या खेपेला माझं प्रमोशन अडलं, दुसरा पेपर छापून यायला उशीर झाला म्हणून. एनएमसीच्या (मेडिकल कॉलेजांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत असिस्टंट प्रोफेसरचा असोसिएट प्रोफेसर व्हायला ४ वर्षं नोकरी, २ पेपर, वर शिकवण्याच्या पद्धतीचा बेसिक कोर्स आणि रिसर्चचा ऑनलाइन कोर्स. म्हणजे कसं शिकवायचं याचा कोर्स केला का ते विचारतात, पण पोरांना समजलं का हे कोणीच विचारत नाही. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, पुस्तकातल्या चित्रासारखा डिसेक्शनच्या बॉडीत दिसत नाही ना, एकेका बॅचसोबत दोन दोन तास टेबलाशी उभं राहून चरबी साफ करत करत एकेक नर्व्ह सोडवावी लागते, तेव्हा कुठे पोराच्या चेहऱ्यावरून कळतं की बसलं आता डोक्यात. त्या तासांचा माझ्या फाईलमध्ये एक कागद नाही.

वॉर्डवाला सर्जन
मोजणार कसं ते सांगा जी. पेपर निदान बाहेरचा माणूस उघडून तपासू शकतो. चांगलं शिकवतो असं लिहून देणार कोण, एचओडी, म्हणजे विभागप्रमुखच ना? मग ज्याचं त्यांच्याशी पटत नाही तो मेला. अन् पोरांचा फीडबॅक घ्याल तर इंटर्नल परीक्षेला सढळ मार्क देणारा पुढे जाईल, माझ्यासारख्या कडक माणसाला कोण चांगलं म्हणणार? विदर्भात सिकल सेल एवढा आहे, त्यावर इथल्या डॉक्टरांनी नाही लिहायचं तर कोणी लिहायचं? पेपरला हात लावू नका.

पीएसएमवाली (सामाजिक आरोग्य विभाग)
सर, पेपर काढा असं कोणी म्हटलंच नाही. पण पेपरच्या पहिल्या तीन लेखकांत नाव नाहीतर करस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) असावं लागतं, त्या क्रमावरून चांगल्या मित्रांची बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत. पैसे घेऊन भराभर छापणारे जर्नल आहेत ते वेगळंच. आणि २०२५ च्या नियमांत २२० च्या वर खाटांच्या सरकारी हॉस्पिटलात १० वर्षं काम केलेल्या स्पेशालिस्टला असोसिएट होता येतं. पेशंट पाहिल्याचा अनुभव चालतो तर शिकवल्याचा का नाही?

जुना मेयोकर
नका आणू हे कागदावर. २०१९ पासून नवा अभ्यासक्रम आला, पोराला आलेल्या प्रत्येक स्किलला त्याच्या लॉगबुकमध्ये (नोंदवहीत) मास्तरची सही. परीक्षेच्या आधी गठ्ठे येतात आणि जेवायच्या सुट्टीत सह्या होऊन राहिल्या. शिकवण्याला पॉइंट लावले की तिथेही हेच होणार, आज जो मनापासून शिकवून राहिला तोही फॉर्म भरत बसेल.

टेबल नंबर तीन
मेयोकर सर, लॉगबुकचं खरं आहे, मीही अशा सह्या केल्यात आणि मला ते बरं वाटत नाही. पण एचओडीच कशाला पाहिजे? प्रॅक्टिकलला विद्यापीठ बाहेरचा एक्झामिनर पाठवतंच की. तसं दुसऱ्या कॉलेजच्या मास्तरानं न सांगता येऊन वर्षातून दोनदा मागच्या बाकावर बसावं. मेडिकल, मेयो, एम्स ही सगळी कॉलेजं एकाच शहरात आहेत.

वॉर्डवाला सर्जन
बाहेरचा असेल आणि पेपरच्या जोडीला असेल तर माझी हरकत नाही. फक्त लेक्चर हॉलमध्ये बसवू नका, सकाळच्या राउंडला पाठवा, माझं शिकवणं तिथे होतं.