शब्दचर्चा: भागीदार, भागधारक की संचालक?

धागाकर्ता
मंडळी, शंका शब्दांची आहे पण त्यात पैसा पण अडकलाय म्हणून जरा नीट सांगतो. मी आणि ताईने मिळून मसाल्याची छोटी प्रायव्हेट लिमिटेड काढली, सर्टिफिकेट आलं आणि मी लगेच शिक्का करायला गेलो. शिक्केवाल्याने विचारलं, खाली काय टाकू, प्रोप्रायटर का पार्टनर? दोघं आहोत म्हणून मी म्हटलं पार्टनर टाका. बँकेत खातं उघडायच्या फॉर्मवर तो जांभळा शिक्का उमटवला तर काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म परत सरकवला, म्हणाल्या कंपनीला पार्टनर नसतात, डायरेक्टरचा शिक्का आणि बोर्डाचा ठराव घेऊन या. घरी आल्यावर आई म्हणते, अरे पण तू भागीदारच ना? तर भागीदार, भागधारक, संचालक, मालक यातला मी नक्की कोण?

अकाउंटवाला
भागीदार आणि भागधारक, दोन्हीत भाग आहे म्हणून घोटाळा होतो. भागीदाराचा भाग थेट धंद्यातच असतो, म्हणजे नफ्यात, तोट्यात आणि उधारीत पण. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मचं देणं कुठल्याही एका भागीदाराकडून पूर्णच्या पूर्ण मागता येतं, त्याने घातलेलं भांडवल किती का असेना, घरदारापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. भागधारकाचा भाग कंपनीच्या भांडवलात असतो. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती, उधारी तिची, खातं तिचं, पॅन नंबर पण तिचा. म्हणून आईंना सांगा की तुम्ही आणि ताई एकमेकांचे भागीदार नाही, दोघं त्या तिसऱ्या व्यक्तीचे भागधारक आहात.

नाटकवेडा
यावरून आठवलं, आपल्याकडे कंपनीला आधी मंडळीच म्हणायचे की. किर्लोस्कर नाटक मंडळी 1880 ची, आणि 1913 साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली ती भागीदारीतच. पुढे बाकीचे दोघं बाहेर पडले आणि कर्जाचं ओझं शेवटी बालगंधर्वांच्या डोक्यावर आलं. मंडळीचं कर्ज आणि माणसाचं कर्ज यात भिंतच नव्हती. मला तो इतिहास वाचताना फार वाईट वाटतं, म्हणून हा फरक मी कुणालाही तळमळीने सांगतो.

सांगलीकर
संचालक शब्दाची तर आपण पार वाट लावलीय. क्लासच्या फ्लेक्सवर संचालक, मंगल कार्यालयाच्या पाटीवर संचालक, आणि बघायला गेलं तर तो एकटा मालक, म्हणजे प्रोप्रायटर, कंपनी बिंपनी काही नाही. कायद्यात संचालक म्हणजे डायरेक्टर, कारभार बघणारा, त्याच्या नावावर एक शेअर नसला तरी चालतं. प्रायव्हेट लिमिटेडला कमीत कमी 2 सभासद, म्हणजे भागधारकच, आणि 2 संचालक लागतात, सभासद जास्तीत जास्त 200. तुमच्याकडे बहुतेक तीच दोन माणसं दोन्हीकडे आहेत, पण चेकवर सही कराल ती संचालक म्हणून आणि लाभांश, म्हणजे नफ्यातला वाटा, घ्याल तो भागधारक म्हणून. मालक मात्र म्हणू नका, कंपनीच्या मालाची मालक कंपनीच, गोदामातली मिरची तुमची नाही तिची आहे.

धागाकर्ता
आणि मर्यादित म्हणजे? आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेच्या पाटीवर पण शेवटी मर्या. असतं, मला लहानपणापासून वाटायचं मर्यादित म्हणजे ठराविक लोकांपुरतं.

अकाउंटवाला
बऱ्याच जणांना तसंच वाटतं. मर्यादित असते ती सभासदांची जबाबदारी, धंदा नाही आणि माणसं पण नाहीत. 10 रुपयांचा शेअर घेतला, 10 रुपये भरले, विषय संपला, कंपनी बुडाली तरी सभासद म्हणून तुमच्याकडे आणखी मागता येत नाही. शेअरचे पैसे भरायचे राहिले असतील तर तेवढे मात्र द्यावे लागतात. त्यामुळे अधिकृत भागभांडवल आणि वसूल भागभांडवल यातला फरक पण बघून ठेवा, पहिलं म्हणजे किती रुपयांपर्यंत शेअर काढायची परवानगी आहे ते, दुसरं म्हणजे प्रत्यक्षात किती पैसे आले ते. कमीत कमी 1 लाख वसूल भांडवलाची अट 2015 मध्येच गेली. पण कंपनी काढताना जेवढे शेअर घेतो असं लिहून दिलंत त्याचे पैसे आले असं कंपनी झाल्यापासून 180 दिवसांत रजिस्ट्रारला कळवावं लागतं, त्याच्या आधी धंदा सुरू करता येत नाही आणि कर्जही काढता येत नाही.

अजून एक कळकळीने सांगतो. बँक कंपनीला कर्ज देताना संचालकांकडून वैयक्तिक हमी मागते, म्हणजे जामीनच. माझ्या चुलतभावाने मर्यादित आहे ना म्हणत न वाचता सही केली आणि कंपनीचे हप्ते थकल्यावर नोटीस त्याच्या राहत्या घरी आली. लिमिटेड शब्द त्या सहीपुढे उपयोगी पडत नाही.

सीएस ताई
उचल हा शब्द पण यात घ्या. भागीदारीत गल्ल्यातून पैसे घेतले की उचल लिहायची आणि भांडवल खात्याला नावे टाकायची, सरळ हिशोब. कंपनीत उचल चालत नाही. काम करता म्हणून पगार किंवा मानधन, शेअर आहेत म्हणून लाभांश, खिशातून खर्च केला असेल तर बिल लावून परत, असं प्रत्येक रुपयाला नाव लागतं. कर्ज म्हणून घेतो म्हणाल तर संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याच्या कलम 185 ची बंधनं आहेत. भावाबहिणीच्या कंपन्यांत मी हाच गोंधळ सगळ्यात जास्त बघते, लग्नकार्याला पैसे काढतात आणि मार्चमध्ये विचारतात, ताई हे कशात दाखवायचं.

ठरावाचं म्हणाल तर सोसायटीत आपण ज्याला प्रोसिडिंग म्हणतो तेच इथे मिनिट्स, मराठीत इतिवृत्त. पहिली बोर्ड मीटिंग, म्हणजे संचालकांची बैठक, कंपनी झाल्यापासून 30 दिवसांत घ्यायची, पहिला ऑडिटर नेमायची मुदत पण तेवढीच. दोघंच असलात आणि जेवणाच्या टेबलावर ठरवलंत तरी लिहून ठेवा.

धागाकर्ता
आता डोक्यात प्रकाश पडला. पाटी इंग्रजीत करू का मराठीत?

सीएस ताई
2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जिथे जिथे धंदा चालतो तिथे बाहेर नाव आणि नोंदणीकृत पत्ता लावायचा, आणि त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या अक्षरात नसेल तर त्या अक्षरात पण लावायचा. म्हणजे तुमच्याकडे मराठी हवीच, आणि प्रा. लि. गाळू नका, तो नावाचाच भाग आहे.

धागाकर्ता
शिक्का उद्या नवीन करतो. वर कंपनीचं नाव, खाली संचालक. नावाच्या आधी इंग्रजीत फॉर असतं तिथे मराठीत काय, साठी का तर्फे?

सांगलीकर
करिता. पतसंस्थेच्या पावतीवर असतं बघा, अमुक पतसंस्था मर्यादित करिता, आणि त्याखाली सही.