दुकानात पाणी शिरलं, क्लेम टाकला. आता टक्केवारीवर सल्लागार नेमावा का? माझं मत: नाही

मीरा_रविवारकारंजा

माझ्या मोठ्या भावाचं नाशिकच्या दहीपुलाजवळ साड्या आणि ड्रेस मटेरिअलचं दुकान आहे. तो भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत असेल, जोराचा पाऊस झाला की मेनरोडचं पाणी उतारानं खाली येतं, सरस्वती नाला तुंबतो आणि दहीपूल, सराफ बाजार पाण्यात जातो. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दोन तासांत दुकानात मांडीएवढं पाणी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं शटर वर केलं तेव्हा मी सोबत होते. खालच्या रॅकमधल्या साड्यांचे रंग एकमेकींत उतरले होते. एक पिवळी काठाची साडी उचलली तर तिच्या घडीतून जांभळं पाणी गळत राहिलं. दादा काही बोलला नाही, फक्त ती परत जागेवर ठेवली.

विमा होता. १२ लाखांच्या मालाचा, 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी. नुकसान आम्ही ५ लाख ८० हजारांचं दाखवलं. नुकसान मोजणारा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला, यादी झाली, भिजलेला माल ८० हजारांना विकला गेला. आता तो तोंडी म्हणतोय की ३ लाख बसतील.

मग बाजारातल्याच एकानं एक 'क्लेम सल्लागार' आणला. म्हणाला, ५ लाख काढून देतो, मिळालेल्या सगळ्या रकमेवर १५ टक्के माझे. पाचशेच्या स्टॅम्पवर अधिकारपत्र, आणि दुकानाच्या तीन कोऱ्या लेटरहेडवर सह्या. दादाचं मन सही करायचं आहे. मी अडवून धरलंय.

३ लाख तर न मागताच मिळतायत. त्यावरही १५ टक्के का द्यायचे? ५ लाख मिळाले तर ७५ हजार त्याचे. आणि कोऱ्या कागदावर सही मी माझ्या सख्ख्या भावालाही देणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

अंबडचा_कारखानदार

मीराताई, कोऱ्या सह्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. बाकी मी तुमच्या विरोधात आहे.

माझं अंबडला पावडर कोटिंगचं युनिट आहे. पॅनलला आग लागली, ओव्हनची वायरिंग आणि दोन मशीन गेल्या. मीही म्हणालो, माझं नुकसान मी सांगेन. नऊ महिने सांगत होतो. आज जीएसटी रिटर्न आणा, उद्या मशीनचं बिल आणा, परवा बिल चालत नाही, पुरवठादाराचं पत्र आणा. प्रत्येक पत्राला मी दहा दिवसांनी उत्तर द्यायचो, कारण सकाळी आठ ते रात्री आठ मी शॉपवर असतो. शेवटी १० टक्क्यांवर एक माणूस धरला. त्यानं तीन दिवस बसून सगळ्या कागदांची एक फाइल केली, पान क्रमांक घातले, वर दीड पानाचं पत्र जोडलं. सव्वादोन महिन्यांत पैसे आले.

साधी गोष्ट आहे. सर्व्हेअरची फी कंपनी देते. कंपनीचा दावे विभाग रोज हेच काम करतो. आपण आयुष्यात एकदा करतो. कोर्टात वकील लावलेला चालतो, मग इथं आपल्या बाजूनं बोलणारा एक माणूस घेतला तर बिघडलं कुठं?

टँपा_ते_त्र्यंबक

मूळचा कॉलेज रोडचा, सध्या फ्लोरिडात. इथं या कामाला 'पब्लिक अ‍ॅडजस्टर' म्हणतात आणि तो राज्याचा परवाना घेतलेला माणूस असतो. चक्रीवादळात आमचं छप्पर उडालं तेव्हा मी नेमला होता. फी किती घ्यायची यावर कायद्याची मर्यादा आहे. आणीबाणी जाहीर झालेल्या आपत्तीत, पहिल्या वर्षात केलेल्या क्लेमवर १० टक्के, एरवी २० टक्के. त्यानं गडबड केली तर परवाना जातो. मला त्याचा फायदा झाला, छपराखालच्या ओल्या इन्सुलेशनचा खर्च माझ्या डोक्यातही आला नव्हता.

पण म्हणून दादांनी सही करावी असं मी म्हणणार नाही. भारतात असा परवाना देणारं कोणी नाही. कार्ड छापलं की सल्लागार. त्यानं चुकीचं काही केलं तर तक्रार कुणाकडे नेणार?

सर्व्हेअर_निवृत्त

तीस वर्षं हे काम केलं, नाशिक, धुळे, जळगाव. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सर्व्हेअर कंपनीचा नोकर नसतो. त्याला आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, परवाना असतो आणि त्यानं दोन्ही बाजूंना न्याय द्यायचा असतो. सगळे तसे वागतात असं मी म्हणणार नाही. पण त्याचा अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलं आहे. अहवालाची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. ती आधी लेखी मागा. तोंडी ३ लाखांवर कुणी भांडू शकत नाही, सल्लागारसुद्धा नाही.

आता ३ लाख कुठून आले ते बघा. ५ लाख ८० हजारांतून भिजलेल्या मालाचे ८० हजार वजा, राहिले ५ लाख. दुकानात त्या दिवशी एकूण माल त्यानं २० लाखांचा धरला असणार. विमा १२ लाखांचा. म्हणजे मालाच्या साठ टक्केच विमा, म्हणून नुकसानीच्या साठ टक्के. ५ लाखांचे ३ लाख. याला अ‍ॅव्हरेज लावणं म्हणतात. १२ चा आकडा कुणीही बदलू शकत नाही. जो ५ लाखांची खात्री देतो तो बहुतेक कागद फुगवणार, आणि खोटा कागद सापडला तर पॉलिसीच्या अटीप्रमाणे सगळाच क्लेम जातो, ३ लाखांसकट. कोरी लेटरहेड त्यासाठीच लागतात.

पण २० चा आकडा तपासता येतो. माल खरेदी किमतीनं धरलाय की साडीला लावलेल्या विक्रीच्या चिठ्ठीवरून? नफा धरून मोजला असेल तर ते चूक आहे. बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट बघा. व्यापारी कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावर मिळणाऱ्या बँक कर्जाची, मर्यादा टिकवायला त्यात आकडा चढवून लिहितात आणि तोच आकडा क्लेमच्या वेळी अंगावर येतो. आणि दुकानात जांगडचा माल होता का, म्हणजे दुसऱ्या व्यापाऱ्यानं विकायला ठेवलेला, न विकला तर परत जाणारा?

मीरा_रविवारकारंजा

काका, जांगडचा माल आहे! वरच्या पोटमाळ्यावर सुरतच्या व्यापाऱ्याचा ६ लाखांचा माल दसऱ्यासाठी जांगडवर आलाय. तो भिजलाही नाही. दादा म्हणतो सर्व्हेअरनं सगळं दुकान मोजलं, कुणाचा माल ते विचारलंच नाही. आम्हीही सांगितलं नाही, कारण त्याचा काही संबंध असेल असं वाटलंच नाही.

सर्व्हेअर_निवृत्त

मग फार मोठा संबंध आहे, ताई. जांगडचा माल विकला जाईपर्यंत त्या व्यापाऱ्याचा. तो काढला तर दादांचा स्वतःचा माल १४ लाखांचा. विमा १२ चा. कमी पडले २ लाख, म्हणजे १४ टक्क्यांच्या थोडं वर. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंत विमा कमी असला तर अ‍ॅव्हरेज लावत नाहीत. म्हणजे ५ लाखांतून फक्त पॉलिसीतली वजावट, आपण स्वतः सोसायचा ठरलेला भाग, जाईल.

एक अट मात्र नीट बघा. पॉलिसीच्या वर्णनात 'विश्वासानं ठेवलेला माल' किंवा 'दुसऱ्याचा सांभाळायला घेतलेला माल' असं लिहिलं असेल तर तोही विम्यात धरला जातो आणि हे गणित मोडतं. नसेल तर जांगडची चलनं, त्या व्यापाऱ्याचं पत्र आणि खरेदीची वही जोडून सर्व्हेअर आणि कंपनी दोघांना एकाच ईमेलमध्ये पाठवा.

अंबडचा_कारखानदार

काका, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. जांगडचा प्रश्न मीराताईंना सुचला का? दादांना सुचला का? जाणकार माणसानं विचारला तेव्हा निघाला. तुम्ही इथं फुकट सांगितलंत हे तुमचं मोठेपण. पण दहीपुलाच्या ओळीतल्या बाकी दुकानांनी काय करायचं? तिथं एक बाई नवऱ्यामागे एकटी मणेरीचं दुकान चालवते. मी तिच्याकडून बांगड्या नेतो, म्हणून माहीत आहे. पॉलिसी इंग्रजीत. ती सर्व्हेअरला चहा देते आणि तो म्हणेल तिथं सही करते. तिला १५ टक्क्यांनी दुप्पट मिळत असेल तर तिला ते पाप आहे असं कोण सांगणार?

पंचवटीतला_वाडा

सांगणारा मी. आमच्यासारख्यांच्या भीतीवरच हा धंदा चालतो.

४ ऑगस्ट २०१९ च्या गोदावरीच्या पुरात आमच्या वाड्याची नदीकडची भिंत बसली. नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती हे आमचं लहानपणापासूनचं पूर मोजायचं माप, त्या दिवशी तिकडे बघवत नव्हतं. कंपनीनं क्लेम नाकारला, कारण काय तर भिंत जुनी होती, पडणारच होती. माझ्याकडेही एक सल्लागार आला, २० टक्के मागितले. मी नेमला नाही. पाणी उतरल्यावर वडिलांनी सवयीनं एक काम केलं होतं, भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेला टेप लावून मोबाईलवर फोटो काढला होता. शेजाऱ्यांच्या तितक्याच जुन्या भिंती, जिथं पाणी पोचलं नाही तिथल्या, उभ्या आहेत याचेही फोटो. तलाठ्याचा पंचनामा होता. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र दिलं, महिनाभरात समाधान झालं नाही, मग विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज. नाशिकचं काम पुण्याकडे चालतं. फी एक रुपया नाही. तिथं वकील चालत नाही, एजंट चालत नाही, स्वतः बोलायचं. मी मराठीत बोललो. निकाल आमच्या बाजूनं लागला आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो.

आता ५० लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात, एकट्या मालकीच्या छोट्या दुकानाचेही. कंपनीच्या शेवटच्या उत्तरानंतर एका वर्षात जायचं. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहे, त्याला दोन वर्षांची मुदत. कारखानदार दादा, त्या बांगड्यांच्या ताईंना सल्लागार नको, शेजारी कुणी अर्ज लिहून देणारा हवा.

अंबडचा_कारखानदार

शेजारी अर्ज लिहून देणारा हवा हे मान्य. पण तो आहे कुठं? तुम्हाला तुमच्या वडिलांनी फोटो काढून दिले. माझ्याकडे कुणी नव्हतं, म्हणून मी पैसे देऊन माणूस घेतला आणि त्याची मला लाज वाटत नाही. फक्त आता एवढं म्हणेन की टक्केवारी ठरवायचीच तर कंपनी आधी जे देते त्याच्या वरच्या रकमेवर ठरवा. मीराताईंच्या हिशेबात ती २ लाखांवर ३० हजार होते, ७५ हजार नाही. आणि पैसे तुमच्या खात्यात आल्यावरच द्यायचे. माझ्या वेळी मला हे कळलं नव्हतं, मी सगळ्या रकमेवर दिले.

टँपा_ते_त्र्यंबक

याच्याशी सहमत. आणि काही झालं तरी 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या व्हाउचरवर घाईनं सही करू नका.

सर्व्हेअर_निवृत्त

बरोबर. दबावाखाली किंवा फसवून सही घेतली असेल तर नंतरही दाद मागता येते, सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्येच ते म्हटलंय. पण दबाव होता हे सिद्ध तुम्हाला करावं लागतं, आणि ते फार जड जातं. त्यापेक्षा आधी अहवालाची प्रत.

कारखानदार साहेबांना एक सांगतो. तुमच्या माणसानं केलेलं काम खरं होतं, फाइल नीट लावणं हे अर्धं काम. ते दादांचा सीए ठरावीक फी घेऊन दोन बैठकीत करेल. माझा विरोध टक्केवारीला आहे, कारण टक्केवारीवाल्याला आकडा मोठा हवा असतो, खरा नको असतो.

मीरा_रविवारकारंजा

काल रात्री दादा आणि मी पॉलिसी काढून बसलो. मालाच्या वर्णनात दुसऱ्याच्या मालाचा उल्लेख नाही. सुरतच्या व्यापाऱ्यानं सकाळीच चलनांच्या प्रती आणि पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. सीए पाच हजार घेणार आहे, खरेदी वहीवरून १४ लाखांचा तक्ता तोच करून देतोय. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये काका म्हणाले तसा आकडा थोडा चढवलेलाच निघाला, जांगडसकट. दादाला त्याचं फार वाईट वाटलं. तेही पत्रात खरं खरं लिहायचं ठरवलंय.

अधिकारपत्रावर सही केली नाही. लेटरहेड मी माझ्या कपाटात ठेवलीत. बांगड्यांचं दुकान आमच्या ओळीतच, तीन दुकानं सोडून आहे. आज दुपारी त्यांची पॉलिसी वाचायला मी जातेय.

अंबडचा_कारखानदार

त्यांची पॉलिसी वाचून झाली की इथं लिहा, रविवारी मला सुट्टी असते, मी फाइल लावायला येतो. पण तुमच्या पत्राला पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर माझं मत अजून तेच आहे.