मदत हवी आहे : चिविता दी बान्योरेज्जोची ओळख पाहुण्यांना कशी करून द्यावी?

नमस्कार. पुण्याहून येणाऱ्या ज्येष्ठ नातेवाइकांना रोमच्या उत्तरेकडील चिविता दी बान्योरेज्जो हे डोंगरमाथ्यावरचे छोटे गाव दाखवायचे आहे. एट्रुस्कन (रोमनांच्या आधी या भागात राहणारे प्राचीन लोक) काळापासूनचे हे गाव ज्वालामुखीजन्य खडकावर उभे असले, तरी खालची चिकणमाती पावसाने सतत झिजत असल्यामुळे कडे ढासळत राहतात. एका वाड्याची तर दर्शनी भिंतच उरली असून तिच्या खिडक्यांतून घराऐवजी आकाश दिसते. १६९५ च्या भूकंपानंतर बरीच वस्ती शेजारच्या बान्योरेज्जोत गेली.

हे सारे पुलाच्या अलीकडे, समोर अख्खे गाव दिसत असताना सांगावे, की सान दोनातो चर्चसमोरच्या चौकात निवांत बसवून? माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे, कारण झीज तेथूनच नीट कळते.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. गावात जाण्यासाठी पायी पूलच ओलांडावा लागतो आणि त्याचा शेवटचा चढ चांगलाच दमवणारा आहे. गुडघेदुखी असलेल्या मंडळींना घेऊन जे गेले असतील, त्यांनी दिवसाची कोणती वेळ सोयीची पडली आणि वाटेत कोठे थांबता आले, हे कृपया कळवावे. शिवाय तेथे कायम राहणारी माणसे मोजकीच आहेत. त्यांच्या दारांत गर्दी होऊ नये यासाठी आपण काय काळजी घेतली, हेही सांगावे.